कुणाचं ऐकायचं, हे कोण ठरवतं?

माधवराव सप्रे यांच्या स्मरणार्थ सुपेला, भिलाई इथे दिलेलं व्याख्यान



रविवारी संध्याकाळी सुपेल्यात व्याख्यानाला यायचं म्हणजे बाजाराच्या गर्दीतून वाट काढत यायचं. तुम्ही ती काढलीत आणि इथे येऊन बसलात. आता पुढचा तासभर तुम्ही एकाच माणसाचं बोलणं ऐकणार आहात. मधे कुणी दुसरा येणार नाही, कुणाचं चित्र सरकत पुढे येणार नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून मराठी माणूस हे करत आला आहे. एका वेळी एक माणूस, एक विषय, आणि पटलं नाही तर घरी जाताना त्यावर वाद. आज मला ज्या विषयावर बोलायचं आहे, तो नेमका याच्या उलट टोकाचा आहे.

आपण सोशल मीडियावर शेकडो माणसांना फॉलो करतो. फेसबुकवर मित्र, इन्स्टाग्रामवर कलाकार, एक्सवर पत्रकार आणि पुढारी, यूट्यूबवर वैद्य आणि स्वयंपाक शिकवणाऱ्या ताई, व्हॉट्सॲपवर नातेवाइकांचे गट. प्रत्येक जण बोलतो आणि ते सगळं आपल्याकडे येतं. रात्री फोन खाली ठेवताना डोकं भरलेलं असतं आणि हाती काही लागलेलं नसतं. याचं काय करायचं?

सप्र्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानाला हा विषय कसा, असं एका ज्येष्ठांनी मला विचारलं. मला वाटतं, त्यांच्या नावाने बोलायला आज याहून योग्य विषय सापडणार नाही. का, ते सांगतो.

माधवराव सप्रे १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरियात जन्मले. घरची भाषा मराठी, शिक्षण बिलासपूर-रायपूरकडे, आणि आयुष्यभराचं काम हिंदीत. आपल्यासारख्या छत्तीसगडच्या मराठी माणसांचे ते पूर्वजच. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक काढलं. वामन बळीराम लाखे आणि रामराव चिंचोलकर त्यांच्या बरोबर होते. पेंड्रा तेव्हा केवढं? छपाई बाहेरगावी, वर्गणीदार मोजके, तोटा ठरलेला. तरी मासिक तीन वर्षं चाललं आणि डिसेंबर १९०२ ला थांबलं.

त्या मासिकातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यात पुस्तकांची समालोचना असे. हिंदीत पुस्तक-परीक्षणाची शिस्त ज्यांनी घातली त्यांत सप्र्यांचं नाव आदराने घेतलं जातं. म्हणजे काय करत होते ते? वाचकाच्या वतीने निवडत होते. हे वाचा, हे वाचलं नाहीत तरी चालेल, यात हे खरं आहे, यात हे उथळ आहे. आणि ही निवड ते स्वतःच्या नावाने करत होते. निवड पटली नाही, तर पत्र कुणाला लिहायचं हे वाचकाला ठाऊक होतं.

आज तुमच्यासाठी कोण निवडतं? त्याचं नाव काय? त्याला पत्र कुठे लिहायचं?

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढे मी तेच फिरून फिरून सांगणार आहे. खूप माणसांना फॉलो केलं की फक्त डोकं शिणतं असं नाही. कुणाचं ऐकायचं हे ठरवण्याचा आपला हक्क आपल्या हातून जातो. आपण शंभरांना दार उघडतो, तेव्हा ते आपलं दार राहतं. हजारांना उघडलं की दाराशी दुसरा कुणीतरी उभा राहतो आणि आत कुणाला सोडायचं ते तो ठरवतो.

हे कसं घडतं, ते आधी साध्या आकडेमोडीने पाहू. समजा, तुम्ही हजार जणांना फॉलो करता. प्रत्येक जण दिवसाला दोनदा काही टाकतो. झाल्या दोन हजार गोष्टी. एकेकीला पाचच सेकंद दिलेत तरी दहा हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांहून जास्त. पाच सेकंदांत कुणाचं दुःख कळतं का? कुणाची बाजू कळते का? आणि पावणेतीन तास तरी कुणाकडे आहेत? मग जे मावत नाही त्याचं काय होतं? ते गाळावं लागतं. तुम्ही गाळत नाही, म्हणून कंपनी गाळते.

फेसबुकने सप्टेंबर २००६ मध्ये न्यूज फीड, म्हणजे सगळ्यांच्या गोष्टींचा एकत्र ओघ, आणला. २०१३ मध्ये कंपनीनेच सांगितलं होतं की माणूस एकदा फेसबुक उघडतो तेव्हा त्याला दाखवता येतील अशा सरासरी दीड हजार गोष्टी तयार असतात. दीड हजारांतल्या कोणत्या वर ठेवायच्या हे यंत्र ठरवतं. ट्विटर आणि इन्स्टाग्राम सुरुवातीला जे नवं ते वर, अशा सरळ क्रमाने दाखवत. २०१६ मध्ये दोघांनीही तो क्रम सोडला आणि यंत्राने लावलेला क्रम आणला. कंपन्यांनी दिलेलं कारण खोटं नव्हतं. लोक इतक्यांना फॉलो करत होते की सरळ क्रमात बरंचसं त्यांच्या नजरेतून सुटतच होतं. म्हणजे आपण जमवलेली गर्दी हेच यंत्राला आत बोलावण्याचं कारण झालं.

आणि यंत्राची कसोटी कोणती? तुम्ही कशावर थांबता, कशाला बोट लावता, कशावर चिडून उत्तर देता. तुमच्या भल्याचं काय, हे त्याला विचारता येत नाही. त्याच्या मालकाचा धंदा तुमच्या थांबण्यावर चालतो. हर्बर्ट सायमन या अमेरिकन विद्वानाने १९७१ मध्येच बजावलं होतं की माहिती ज्या गोष्टीवर जगते ती गोष्ट म्हणजे ऐकणाऱ्याचं लक्ष, आणि माहिती वाढली की लक्षाची टंचाई होते. त्यांना पुढे १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी हे बजावलं तेव्हा फोन भिंतीला टांगलेले होते. तरी त्या माणसाला कळलं होतं की टंचाई माहितीची येणार नाही, लक्षाची येईल.

लक्षाची टंचाई झाली की काय होतं, त्याकडे आता वळतो. भिलाईत बोलतो आहे, म्हणून इथे जरा रेंगाळणार आहे. १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत सहकार्याने इथला पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली धमनभट्टी सुरू झाली. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी आयुष्य कंट्रोल रूममध्ये, पॅनेलसमोर काढलं आहे. अलार्म म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. एक दिवा लागतो, बझर वाजतो, तुम्ही उठता, पाहता, काहीतरी करता.

पण एकाच वेळी दोनशे दिवे लागले तर?

२४ जुलै १९९४. वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथला तेलशुद्धीकरण कारखाना. सकाळी विजांचं वादळ झालं, त्यातून कामात बिघाड सुरू झाला. एक झडप बंद अडकली होती आणि पॅनेल ती उघडी दाखवत होतं. कामगार तास न् तास झुंजत राहिले. शेवटी स्फोट झाला, सव्वीस माणसं जखमी झाली. कुणी दगावलं नाही हे नशीब. चौकशीत निघालं की स्फोटाआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म वाजले होते. दर अडीच सेकंदांना जवळजवळ एक. आणि त्यातल्या बहुतेकांना सर्वांत तातडीचा दर्जा दिलेला होता. सगळंच तातडीचं असेल, तर तातडीचं काय उरलं?

त्याआधी १९७९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत हेच झालं होतं. पहिल्या काही मिनिटांत शंभरावर अलार्म, आणि मुख्य गोष्ट कोणती हे त्या गोंगाटात कुणाला कळेना. ती माणसं आळशी नव्हती. अडाणी नव्हती. त्यांना माहिती कमी पडली नव्हती, जास्त पडली होती.

मग कारखान्यांनी काय केलं? ऑपरेटरला म्हणाले का, की जास्त लक्ष दे, जास्त वेगाने वाच? काहींनी तेही केलं असेल. पण ज्यांनी धडा घेतला त्यांनी अलार्मच मोजायला घेतले. १९९९ मध्ये ब्रिटनमधल्या अभियांत्रिकी उपकरणं आणि साहित्य वापरणाऱ्यांच्या संघटनेने एक मार्गदर्शिका काढली. ती आता जगभर वापरली जाते. नेहमीच्या कामात एका माणसाला सरासरी दहा मिनिटांना एकाहून जास्त अलार्म येऊ नयेत, असं ती सांगते. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की एकेक अलार्म काढून त्याला प्रश्न विचारायचा. हा वाजला तर माणसाने काय करायचं आहे? उत्तर नसेल, तर तो अलार्म असायलाच नको. त्याची नोंद लॉगमध्ये होऊ दे, कुणाला हवी तेव्हा बघेल. त्याने माणसाला उठवायचं नाही.

मित्रहो, आपल्या खिशातला फोन हे आता आपलं पॅनेल आहे. त्यावरच्या एकेका नावाला हा प्रश्न आपण कधी विचारला आहे का? हा माणूस बोलला तर मी काय करणार आहे? काही शिकणार आहे? कुणाला भेटायला जाणार आहे? मतदान करताना याचा उपयोग होणार आहे? गाण्याची एखादी जागा ऐकून दिवस बरा जाणार आहे? आनंद हेही पुरेसं उत्तर आहे, मी ते कमी लेखत नाही. पण काहीतरी उत्तर हवं. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी सुचवलं म्हणून फॉलो केलं, हे उत्तर नव्हे.

इथे लगेच एक अडचण उभी राहते. ती कारखान्यातल्या अलार्मांना नाही, आपल्याला आहे. आपण ज्यांना फॉलो करतो त्यात आत्या असते. मावसभाऊ असतो. रिटायर झालेले शेजारचे काका असतात, सुनेचे माहेरचे असतात. त्यांना कसं काढायचं? कळलं तर काय वाटेल? आत्या रोज सकाळी फुलाचं चित्र पाठवते. त्या चित्रात माहिती काही नसते, हे खरं. पण ती पाठवते म्हणजे ती उठली आहे, बरी आहे, तुमची आठवण काढते आहे. या गोष्टीची चेष्टा होते ते मला आवडत नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा तो हाकारा आहे.

म्हणूनच मी म्हणतो, तिला त्या गर्दीतून बाहेर काढा. दोनशे निरोपांच्या ढिगात तिचं फूल पडलं की तुम्ही त्यावर न बघता अंगठा ठेवता, आणि तिलाही ते कळतं. गट म्यूट केला तर तिला कळत नाही, कंपन्यांनी तेवढी सोय केली आहे. २०२० पासून व्हॉट्सॲपचा गट कायमचा म्यूट करता येतो. गट अर्काइव्हमध्ये टाकला, तर नवा निरोप आला तरी तो तिथेच राहतो. फेसबुकवर मैत्री न तोडता अनफॉलो करता येतं. आणि मग रविवारी आत्याला फोन करा, दहा मिनिटं बोला. नातं यादीत ठेवल्याने टिकतं, असं आपण कधी मानायला लागलो?

आता याचीच दुसरी बाजू. आपल्यातल्या कितीतरी घरांत आता दोघंच आहेत. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला, नात परदेशात. कारखान्याचं क्वार्टर सोडून सुपेल्याला किंवा नेहरूनगरला स्वतःचं घर बांधलं, आणि घर मोठं झालं तेव्हा माणसं गेली. अशा आईवडिलांनी फेसबुक आणि इन्स्टाग्राम घेतलं ते कशासाठी? नातीचा फोटो बघायला. मग हळूहळू देव आले, बातम्या आल्या, आरोग्य आलं, राजकारण आलं, आणि नातीचा फोटो कधी येऊन गेला ते कळलंच नाही. ती म्हणते, मी टाकला होता. आजी म्हणते, मला दिसला नाही. दोघीही खरं बोलत असतात.

हे फक्त आपल्या घरातलं गाऱ्हाणं नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटा कंपनीने स्वतः आकडे मांडले. लोक फेसबुकवर घालवतात त्यातला सुमारे १७ टक्केच वेळ मित्रांनी टाकलेलं बघण्यात जातो, इन्स्टाग्रामवर सुमारे ७ टक्के. बाकीचा बराचसा वेळ ज्यांना आपण ओळखत नाही, पुष्कळदा फॉलोही केलेलं नाही, अशांच्या चित्रफितींत जातो. नीट ऐका. ज्या कामासाठी आपण तिथे गेलो, त्या कामाला शंभरातले सतरा, नाहीतर सात. उरलेलं कुणी ठरवलं?

इथे तुमच्यापैकी कुणी तरुण हात वर करून म्हणेल, आणि त्याचं बरोबर आहे, की मोजकीच माणसं ठेवली तर आपण डबक्यात नाही का राहणार? सगळे आपल्याच मताचे, आपल्याच जातीचे, आपल्याच भाषेचे?

हा आक्षेप मी मनापासून मानतो. उत्तर द्यायला मला भिलाईपेक्षा चांगली जागा नाही. इथल्या कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरांत, क्वार्टर अलॉट व्हायचं तेव्हा शेजारी कोण हे कुणी निवडलं नव्हतं. भिंतीपलीकडे मल्याळी कुटुंब, वर बंगाली, समोर तेलुगू, पलीकडे ओडिया. आपल्या मुलांनी ओणमचं जेवण त्यांच्याकडे जेवलं आणि गणपतीची आरती त्यांच्या मुलांनी पाठ केली. भिलाईला लोक मिनी इंडिया म्हणतात ते यामुळे. न निवडलेल्या माणसाने आपल्याला घडवलं, हे मी नाकारणार नाही.

पण तो शेजारी आणि फोनवरचा अनोळखी माणूस यांत फरक काय? शेजारी वीस वर्षं तोच होता. तो भांडला तरी दुसऱ्या दिवशी समोर दिसायचा. त्याचा बाप वारला तेव्हा आपण खांदा दिला. फोनवरचा अनोळखी आठ सेकंद येतो, सगळ्यात टोकाचं वाक्य बोलतो आणि जातो. त्याच्याशी ओळख होत नाही, फक्त त्याच्याविषयी राग साठतो. म्हणून माझी सूचना अशी की वेगळ्या मताची माणसं यादीत जरूर ठेवा, पण ठरवून ठेवा. ज्यांचं पटत नाही तरी ज्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही, अशी दोन-तीन. त्यांचं पूर्ण वाचा. त्यांचं पान स्वतः उघडून वाचा, ते आपल्यापर्यंत वाहत येण्याची वाट बघू नका. आणि वर्षभर वाचा. मग ते शेजारी होतात.

पान स्वतः उघडणं, हे मी सहज बोलून गेलो, पण त्यात पुष्कळ काही आहे. फीड आपल्याकडे येतो. पान उघडायला आपण जातो. ज्या पत्रकाराचं काम तुम्हाला मोलाचं वाटतं, त्याचं नाव आठवून, शोधून, आज त्याने काय लिहिलं ते बघायला जाण्यात निवड तुमची राहते. एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, २००९ पासून याद्या करता येतात. हजारांना फॉलो करत असलात तरी वीस जणांची एक यादी करा आणि तेवढीच उघडा. इन्स्टाग्रामने २०२२ मध्ये फेवरिट्सची सोय आणली, पन्नासपर्यंत नावं घालता येतात, आणि त्यांचं लिखाण सरळ क्रमाने दिसतं. ही दारं आहेत. फक्त ती समोर नसतात, ॲप उघडलं की बहुतेक वेळा यंत्राचाच क्रम पुढे येतो. रोज आपणच तिकडे वळायला हवं.

या गर्दीच्या काळ्या बाजूबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हे सगळं फुरसतीतलं दुखणं वाटेल. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार होता, आठवडी बाजाराचा दिवस. बहुतांश सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे असे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या भागात व्हॉट्सॲपवर फिरत होते. जमावाने त्या पाच जणांना ठार मारलं. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं.

त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून जास्त ठिकाणी पुढे पाठवायला बंदी केली आणि पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण लावायला सुरुवात केली. २०२० मध्ये पुष्कळदा फिरलेल्या निरोपाला एका वेळी एकच ठिकाण, अशी मर्यादा आली. चांगलं केलं. पण मला विचारायचं आहे ते असं. त्या निरोपाच्या खाली नाव कुणाचं होतं? पहिल्यांदा कुणी लिहिलं? ज्याने पाठवला तो ओळखीचा होता, भाऊ होता, मित्र होता. म्हणून विश्वास बसला. पण लिहिणारा कुणीच नव्हता. दिवसाला दोनशे निरोप येणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारायला वेळ उरत नाही, आणि अफवेला तेवढंच पुरतं. सप्र्यांच्या मासिकातल्या प्रत्येक ओळीमागे एक उत्तर देणारा माणूस होता. पुढे त्यांनी काढलेल्या ‘हिंदी केसरी’ या पत्रातल्या लेखनासाठी सरकारने १९०८ मध्ये त्यांच्यावर राजद्रोह लावून त्यांना पकडलं. शब्दाची किंमत लिहिणाऱ्याला मोजावी लागत होती. राईनपाड्यात ती ज्यांनी एक शब्दही लिहिला नव्हता त्यांनी मोजली.

तेव्हा आपल्याकडे काय येतं याच्याबरोबर आपण काय पाठवतो, हाही हिशेब करावा लागेल. तुम्ही कुणाच्या तरी यादीतले एक आहात. तुमचे दहा निरोप कुणाच्या तरी पॅनेलवरचे दहा दिवे आहेत. ज्याखाली मी माझं नाव लिहीन तेच पुढे पाठवीन, एवढं ठरवलं तरी कितीतरी घरांवरचा भार हलका होईल.

एकट्याने हे जमतं का? काही जणांना जमतं. बहुतेकांना जमत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पलीकडे बसलेली हुशार माणसं आपल्याला थांबवून ठेवण्यासाठीच पगार घेतात. म्हणून मला सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव महत्त्वाचं वाटतं. कडेगाव तालुक्यातलं हे साधं शेतकरी गाव. कोविडमध्ये शाळा फोनवर आली आणि मुलांच्या हातातून फोन सुटेना, तेव्हा सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये ठरवलं की रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. सुरुवातीला लोकांना पटेना. मग आशा सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. मुलं अभ्यासाला बसू लागली, मोठी माणसं ओट्यावर बोलू लागली.

त्या दीड तासाची खुबी कशात आहे? सगळ्यांचे एकदम बंद. एकट्याने फोन ठेवला की वाटतं, आपल्यावाचून काहीतरी चाललं आहे. सगळ्यांनी ठेवला की काही चाललेलंच नसतं. कारखान्याच्या पाळीवर ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना वेळेची ही सामूहिक शिस्त शिकवावी लागणार नाही. आपल्या एखाद्या सोसायटीत, एखाद्या गल्लीत हे का होऊ नये? निदान एका एकत्र कुटुंबात, पुण्याची आणि भिलाईची दोन घरं मिळून, रात्री आठ ते नऊ?

राहता राहिला एक प्रश्न. तो मला दर वेळी विचारला जातो. नेमकी किती माणसं ठेवावीत? मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९० च्या दशकात अंदाज मांडला की माणसाला सुमारे दीडशे जणांशी खरीखुरी ओळख सांभाळता येते. या आकड्यावर वाद आहेत आणि तो तंतोतंत धरू नये. मी आकडा देणार नाही. प्रत्येकाची क्षमता वेगळी, काम वेगळं. बातमीदाराला पाचशे लागतील, शेतकऱ्याला पंधरा पुरतील. माझी कसोटी एकच आहे. यादी इतकीच असावी की यंत्राने क्रम न लावता, नव्यापासून जुन्यापर्यंत सरळ वाचत गेलात, तर आपण ठरवलेल्या वेळात ती संपावी. संपावी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. वर्तमानपत्र संपतं, मासिक संपतं, पत्र संपतं. संपणारी गोष्ट वाचून झाल्यावर माणूस विचार करायला मोकळा होतो. यादी संपेना झाली, की समजा, पुन्हा कुणीतरी दाराशी येऊन उभं राहिलं आहे.

आज जाताना एक काम करा. बाहेरच्या टेबलावर कोरे कागद ठेवले आहेत. फोन खिशातच राहू द्या. ज्यांचं म्हणणं तुम्हाला खरोखर ऐकावंसं वाटतं अशा माणसांची नावं आठवून लिहा. लिहिणारे, गाणारे, शिकवणारे, नातेवाईक, विरोधक, कुणीही. आठवतील तेवढीच. घरी गेल्यावर फोन उघडा. इन्स्टाग्रामने २०२० मध्ये एक सोय दिली, त्यात आपण ज्यांना फॉलो करतो त्यांच्यापैकी कोण सर्वांत जास्त दाखवले जातात आणि कुणाशी आपला संबंध सर्वांत कमी येतो याच्या याद्या बघता येतात. तुमच्या फोनवर ती सापडली तर उत्तम. नाही सापडली, तर फीडवर वरून खाली पहिली वीस नावं दिसतील ती कागदाच्या दुसऱ्या बाजूला उतरवा. मग दोन्ही बाजू ताडून बघा. इकडची किती नावं तिकडे आहेत, ते मोजा. आणि पुढच्या रविवारी तो कागद घेऊन इथे या, कारण पुढची चर्चा आपण त्या कागदांवरूनच करणार आहोत.